अक्काबाईला लोकलमध्ये बसवा

नालासोपाऱ्यात तुळिंज रोडवरच्या एका शिकवणी वर्गात या आठवड्यात पालकांची सभा झाली. विषय नेहमीचा: मुलं आणि मोबाइल गेम. बोलायला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, गेम द्यायचेच असतील तर लोककथांवरचे द्या, संस्कार होतील. उदाहरणं मात्र रामायणाची आणि महाभारताची दिली. मागच्या बाकावरून नववीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, मुंजा चालेल का?" सगळा वर्ग हसला. पाहुणे म्हणाले, भुताखेतांतून काही घेण्यासारखं नसतं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्या मुलाचं म्हणणं बरोबर होतं. लोककथा म्हणजे पोथी नव्हे. पिंपळावरचा मुंजा, वेशीवरचा वेताळ, पाणवठ्यावरची हडळ, कोकणातला देवचार ही माणसांनी शेजाऱ्यासारखी ओळखलेली मंडळी. त्यांना घाबरायचं आणि त्यांची टिंगलही करायची, हे एकाच गोष्टीत चालतं. २०२४ साली आदित्य सरपोतदारांनी कोकणातल्या मुंजाला हिंदी पडद्यावर नेलं आणि त्या विनोदी भयपटाने शंभर कोटींच्या वर धंदा केला. 'झपाटलेला' १९९३ चा, त्यातला तात्या विंचू अजून पोरांच्या तोंडी आहे. हसवणाऱ्या भुताला मराठी माणूस जागा देतो. गेमच्या बाबतीत मात्र ती जागा रिकामी आहे.

जपानमध्ये ती १९८८ साली भरली.

मोमोतारो म्हणजे पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा. कुत्रा, माकड आणि तितर जातीचा एक पक्षी असे तीन सोबती घेऊन तो राक्षसांच्या बेटावर जातो, ही तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असलेली गोष्ट. हडसन या कंपनीने १९८७ साली तिच्यावर 'मोमोतारो देन्सेत्सु' नावाचा साहसी गेम काढला. देन्सेत्सु म्हणजे दंतकथा. पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी एक अक्षर बदललं आणि 'मोमोतारो देन्तेत्सु' आणला. देन्तेत्सु म्हणजे विजेची रेल्वे. कर्ते होते साकुमा आकिरा, साप्ताहिक 'शोनेन जंप'मधल्या वाचकांच्या पानाचे संपादक. शब्दांच्या कोटीवर उभी राहिलेली ही मालिका आज साडेतीन दशकांनंतरही चालू आहे. हडसन २०१२ साली कोनामीत विलीन झाली, तरी ती थांबली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या भागाच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि २०२३ पासून तिची एक आवृत्ती जपानी शाळांना भूगोल शिकवायला फुकट मिळते.

खेळ साधा आहे. प्रत्येक खेळाडू एका रेल्वे कंपनीचा मालक. नकाशा साऱ्या जपानचा. फासा टाकायचा, गाडी हाकायची, ठरलेल्या स्थानकावर पहिलं पोचायचं आणि बक्षीस घ्यायचं. वाटेतल्या स्थानकांवर तिथल्या प्रसिद्ध मालाची दुकानं विकत घ्यायची: ताकामात्सुला उदोनची, ओकायामाला किबीदांगोची. एक डाव म्हणजे एक महिना, आणि हिशेब मार्चअखेर. इथवर हा आपल्या घराघरांतल्या 'व्यापार'चा भाऊच वाटेल. 'व्यापार'मध्ये नसलेली एक गोष्ट यात आहे, आणि सारा जीव तिच्यातच आहे. एखादा खेळाडू ठरलेल्या स्थानकावर पोचला, की त्या क्षणी जो सगळ्यात लांब असेल त्याच्या मानगुटीवर बिंबोगामी बसतो. बिंबो म्हणजे दरिद्री, गामी म्हणजे देव. मग दर डावाला तो उपद्व्याप करतो: दुकानं मातीमोल भावाने विकतो, नको ती पत्ती महागात घेतो, आणि अंगात आलं की फुगून 'किंग बोम्बी' होतो. सुटायचा हमखास मार्ग म्हणजे गाडी दुसऱ्याच्या गाडीला भिडवून त्याला तिकडे ढकलायचं. खोलीभर किंकाळ्या आणि हसू.

हा देव साकुमांनी शोधलेला नाही. जपानी लोककथेत तो फाटक्या कपड्यांतला, हडकुळा म्हातारा आहे. घरातल्या कपाटात दडून बसतो आणि त्याला भाजलेला मिसो फार आवडतो. ओसाकाच्या व्यापारी पेठेत महिनाअखेरीला मिसो भाजून त्याच्या वासाने त्याला बाहेर काढायचे आणि तो मिसो नदीत सोडायचे, अशी रीत सांगितली जाते.

आता हे तुळिंजमध्ये उभं राहून वाचा. दर शनिवारी इथे दुकानादुकानांवर लिंबू-मिरची चढते. ती कशासाठी? अलक्ष्मीला आंबट-तिखट आवडतं, ते दारातच मिळालं की ती खाऊन परतते, आत येत नाही. तिकडे मिसो, इकडे लिंबू-मिरची. समुद्रापल्याडच्या दोन मुलखांनी दारिद्र्याला देव मानलं, त्याची आवड ओळखली आणि ती पुरवून त्याला वाटेला लावलं. कोणी कोणाचं पाहून केलं असेल असं नाही. गरिबी दोन्हीकडे घरात घुसत होती, एवढंच.

आपली अक्काबाई, म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, बिंबोगामीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. समुद्रमंथनातून ती लक्ष्मीच्या आधी बाहेर आली. पद्मपुराणातल्या कथेप्रमाणे धाकटीचं लग्न व्हायचं तर थोरलीला आधी उजवायला हवं, म्हणून तिला उद्दालक ऋषींच्या गळ्यात बांधलं. ऋषी तिला आश्रमात घेऊन आले तर ती उंबऱ्यातच अडली. इथे वेदघोष चालतो, स्वच्छता आहे, इथे मी राहणार नाही. जिथे भांडणं असतील, अस्वच्छता असेल, तिथे न्या! बिचाऱ्या ऋषींनी तिला पिंपळाखाली बसवलं, जागा बघून येतो म्हणाले आणि परतलेच नाहीत. कोणत्याही वगात चपखल बसेल असा हा प्रसंग. नवरी दारात हटून बसते आणि नवरा पळून जातो, यापेक्षा विनोदी लोककथा आणखी कोणती हवी?

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवत, केर काढत अलक्ष्मीला घराबाहेर घालवायची रीत महाराष्ट्रात आहे. सूप म्हणजे संस्कृतातलं शूर्प, आणि पश्चिमेकडच्या प्राचीन सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक. व्युत्पत्तीचा दावा करायचा नाही, पण दरिद्रीला हाकलायचं वाद्य ज्या गावाच्या नावातच ऐकू येतं, त्या गावाच्या पोरांनी तिच्यावर गेम करू नये, याचं वाईट वाटतं.

अक्काबाई आपल्या भाषेत उरली ती फक्त शिव्याशापात. 'अक्काबाईचा फेरा आला', 'अवदसा आठवली'. जपानने आपल्या दरिद्रीदेवाला दिवाणखान्यात आणून नातवंडांबरोबर बसवलं, आपण आपलीला दारात लिंबू खायला ठेवलं. फरक भक्तीचा नाही, सलगीचा आहे. ज्याच्यावर हसता येतं त्याच्याबद्दल बोलता येतं. मुलाने खेळात चार वेळा सगळं गमावलं, खांद्यावर दरिद्री घेऊन दहा महिने काढले आणि तरी मार्चअखेर उभा राहिला, की घरात हप्ता थकला या वाक्याचा अर्थ त्याला निराळा कळतो. संस्कार हवेत ना, तर हा घ्या. ज्ञानदेवांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटातही शिडीपेक्षा सापच पोरांच्या लक्षात राहतो.

आणि तो नियम. सगळ्यात लांब असेल त्याच्यावर दरिद्री बसते. खेळ म्हणून केलेला हा नियम नालासोपाऱ्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. चर्चगेटपासून सुमारे ५६ किलोमीटरवर घर परवडलं म्हणून इथे आलेली ही वस्ती. लांब राहिलं की वेळ जातो, वेळ गेला की शिकवणी, ओव्हरटाइम, झोप जाते. लांबपणा आणि गरिबी यांचं नातं साकुमांनी फाशावर बसवलं, आणि ते तुळिंजपेक्षा जास्त कुठे पटावं?

जपानमध्ये हा देव पडद्याबाहेरही आला. चिबा प्रांतात चोशी नावाची ६.४ किलोमीटरची चिमुकली रेल्वे आहे. २००६ साली गाड्यांच्या दुरुस्तीला पैसे उरले नाहीत तेव्हा तिने लोकांना आपल्या तांदळाच्या बिस्किटांचे पुडे विकत घ्यायची विनवणी केली आणि लोकांनी ती ऐकली. त्याच रेल्वेच्या स्थानकांवर पुढे बिंबोगामीच्या तीन मूर्ती बसल्या, मोमोतारोच्या तीन सोबत्यांसह. जपानीत माकडाला सारु म्हणतात आणि 'निघून जाणे' यालाही सारु. पक्ष्याला तोरी आणि काढून घेण्यालाही तोरी. कुत्र्याला इनु आणि 'नाही' यालाही इनु. म्हणजे दरिद्री निघून जाते, दरिद्री काढून घेतली जाते, दरिद्री इथे नाहीच. अडचणीतल्या रेल्वेने आपल्याच फलाटावर आपलीच अडचण हसत उभी केली.

आता आपल्या फलाटांकडे या. रेल्वेने २०२२ साली 'एक स्थानक, एक उत्पादन' योजना आणली. कल्पना उत्तम, आणि मोमोतारोची गाडी नेमकी हेच कधीपासून करते आहे. आपल्या मार्गावर काय नाही? वसईची सुकेळी, केळव्याचं पान, बहाडोलीचं जांभूळ, घोलवडचा चिकू, वारली चित्रं. तरी फलाटावरच्या गाळ्यांवर बहुतेक वेळा तोच वडा आणि त्याच शीतपेयाच्या बाटल्या. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, पण चर्चगेटच्या मुलाला सुकेळी म्हणजे काय ते सांगता येत नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली गाडी सुटली, तेव्हा आपल्या स्थानकाचं नाव 'नीला' असं नोंदलं होतं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात कोंबायचं, की एका फाशात?

गेम करणारी माणसं महाराष्ट्रात नाहीत असं कोणी म्हणू नये. २०२० हेच वर्ष घ्या. नवी मुंबईच्या गेमशनचा 'लुडो किंग' टाळेबंदीत देशभर खेळला गेला. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' ऑगस्टमध्ये आला, द गेम अवॉर्ड्सच्या नामांकनापर्यंत पोचला. त्याच वर्षी जपानात बिंबोगामी पुन्हा घरोघर बसला. 'राजी' देखणा आहे. भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णूचं पाठबळ, भिंतीवरची चित्रं, कुणालाही अभिमान वाटावा असं काम. पण तो पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत गंभीर आहे. 'लुडो'मध्ये तर गावही नाही आणि गोष्टही नाही. एकीकडे देव, दुसरीकडे नुसता फासा. मधली जागा, जिथे अक्काबाई बसते, तिच्याकडे कोणी बघत नाही.

गंभीर ठेवल्याने लोककथा सुरक्षित राहते, हा समज मोमोतारोनेच खोटा ठरवला आहे. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९४५ सालचा, नौदलासाठी केलेला, आणि त्यात हाच पीचमधला मुलगा फौजेचा सेनानी आहे. चेहऱ्यावर हसू नसलेल्या लोकनायकाला कोणीही कामाला जुंपू शकतं. त्याच मुलाला पुढे रेल्वे कंपनीचा मालक करून, दुकानं गमवायला लावून, साकुमांनी पुन्हा घरी आणलं.

मोमोतारोचं गाव मानतात ते ओकायामा. आणि ओकायामाशी आपलं नातं आहेच: पुण्यात सिंहगड रस्त्यावर तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान उभं आहे, आणि त्याला नाव आहे पु. ल. देशपांडे यांचं. 'पूर्वरंग'मध्ये जपान लिहिणाऱ्या, सबंध महाराष्ट्राला हसवणाऱ्या लेखकाच्या नावाची बाग मोमोतारोच्या गावाच्या मैत्रीतून झाली. पुण्यातल्या गेमवाल्यांनी एका रविवारी तिथे जाऊन बसावं. वही सोबत न्यावी.

सभा सुटल्यावर तो नववीतला मुलगा जिन्यात भेटला. त्याला मोमोतारोच्या गाडीचा नियम सांगितला आणि विचारलं, आपल्या लोकलवर असा खेळ केला तर अक्काबाई कोणाच्या खांद्यावर बसेल? तो क्षणभर थांबला. म्हणाला, "जो नालासोपाऱ्याहून उलटा विरारला जातो ना बसायला जागा मिळावी म्हणून, त्याच्या. कारण तो अजून एक स्टेशन लांब गेला."

त्याची आई मागेच होती. ती रोज उलटी जाते. "म्हणजे रोज माझ्याच खांद्यावर!" ती म्हणाली, आणि लगेच तिने नियम वाढवला. बोरिवलीला जो चौथ्या सीटवर सरकून बसायला येईल, त्याला ती द्यायची.