महाबळेश्वरच्या पावसावर माणात पेरणी नको



जून लागला की मोबाईलवर फोटो सुरू होतात. महाबळेश्वरला धुकं, घाटात धबधबे, कोयनेत पाणी वाढतंय. जिल्हा एकच, सातारा. मग वाटतं, आता आपल्याकडंही येणारच, उरकून घेऊ पेर. गेल्या जूनमध्ये आपल्या कंपनीच्या संदेशातही "जिल्ह्यात जोरदार पाऊस, पेरणीला हरकत नाही" असं गेलं. तो संदेश मीच लिहिला होता. माझी स्वतःची दोन एकर बाजरी उगवून करपली, दुबार पेरावी लागली. बऱ्याच सभासदांचंही तेच झालं. पावसानं दगा दिला असं आपण म्हणालो, पण चूक माझी होती. डोंगराचा पाऊस मी आपला समजलो.

डोंगर काय करतो ते बघा. समुद्रावरून आलेलं बाष्पाचं वारं सह्याद्रीला धडकतं आणि वर चढतं. वर हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि तिथंच कोसळतं. डोंगर ओलांडून तेच वारं खाली उतरतं तेव्हा उलटं घडतं. उतरणारी कोरडी हवा दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंशानं तापते. तापलेल्या हवेत ढग वाढत नाहीत, विरतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, पाचगणीला दोन हजारांच्या आत आणि रस्त्यानं तीस-बत्तीस किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. आपल्या दहिवडीकडं येईपर्यंत पाचशेच्या आसपास उरतो.

जून-जुलैत आपल्याकडं वारं सुटतं, ढग पळतात, भुरभुर येते आणि जाते. तिकडं धो धो पडत असताना इकडं हे चालतं, ते यामुळंच. आपला खरा पाऊस वेगळा. वारं पडतं, उकडायला लागतं, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि गडगडाट करून पडतात. जूनमधला वळीव असा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचाही असाच. शाळू त्या परतीच्या ओलीवरच येतो. डोंगराचा पाऊस आपल्यातल्या काही गावांना मिळतो, पण तो उरमोडीच्या कालव्यातून, आभाळातून नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, जिल्ह्याच्या सरासरीवर पेरणीचा निर्णय घेणं बंद करा. शेजारच्या गावाचा आकडासुद्धा आपला धरू नका. वळीव शिवार बदलून पडतो.

काय करायचं?

१. आपल्या शिवारात ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय आणि वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नका. मुरमाड रानात तर नाहीच. वाफसा बघूनच तिफण घाला. बाजरी १५ जुलैपर्यंत पेरता येते, त्यामुळं पहिल्या सरीला घाई करायचं कारण नाही.

२. घरीच पर्जन्यमापक करा. सरळ उभ्या बाजूंचा डबा मोकळ्या जागेत, झाड-भिंतीपासून लांब, वारं पाडणार नाही असा ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० मिमी पाऊस.

३. आकडा वहीत लिहा. एक मिमी पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. २५ मिमी पडला की एकरात लाखभर लिटर आलं. बांध धड नसेल तर त्यातलं बरंचसं ओढ्यानं जातं. बांधाची डागडुजी मेमध्येच उरका.

काही जण म्हणतील, थांबून पाऊसच गेला तर? खरंय, थांबण्यातही जोखीम आहे. पण थांबलं तर बी घरात राहतं, वेळ पडली तर दुसरं पीक घेता येतं. कोरड्यात टाकलेलं बी, खत आणि मजुरी परत येत नाही.

यापुढं आपल्या संदेशात जिल्ह्याचा पाऊस जाणार नाही, गावनिहाय आकडे जातील. त्यासाठी प्रत्येक गावातून एक तरी डबा लागेल. ज्यांना जमेल त्यांनी रोज नऊच्या आत गावाचं नाव आणि आकडा याच नंबरवर पाठवा. पडला नसेल तर शून्य पाठवा. शून्यही आपल्या कामाचं आहे.

आपला,
सल्ला विभाग