प्रभूच्या मेजावर पहारा कोणाचा?




हे पत्रक कोणा एका पाळकाविरुद्ध नाही की कोणा एका कमिटीविरुद्ध नाही. आपल्या मंडळ्यांमधून एक रीत घट्ट होत चालली आहे, ती सुवार्तेच्या विरुद्ध आहे, आणि तिच्याविषयी उघड बोलणे आता भाग आहे. वर्गणी थकली की सभासदाचे नाव यादीतून कमी होते. नाव कमी झाले की प्रभुभोजन बंद. मुलीने दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले की मुलगी बंद, आणि काही ठिकाणी तिचे आईबापही बंद. घरात कोणी मेले तर आधी पावतीपुस्तक उघडते, मग कबरेच्या जागेचे बोलणे सुरू होते. सगळ्या मंडळ्यांत असे चालते असे मी म्हणत नाही. जिथे चालते तिथल्या लोकांना मात्र हे वाचताना नावे आणि चेहरे आठवतील.

नगर आणि बीड जिल्ह्यांतल्या आपल्या कितीतरी घरांचे पोट ऊसतोडीवर चालते. मुकादमाची उचल घेऊन ही माणसे दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी घरी येतात. मधल्या महिन्यांतला त्यांचा प्रत्येक रविवार उसाच्या फडात जातो. परत आल्यावर कळते की सलग गैरहजेरी आणि थकबाकी या दोन्ही कलमांत आपण सापडलो आहोत. वार्षिक सभेत थकबाकीदारांची नावे मोठ्याने वाचली जातात. बाई पदर पुढे ओढून खाली बघत बसते आणि पुढच्या रविवारी येत नाही. मग कमिटी लिहिते, सभासद अनियमित. तिला अनियमित कोणी केले, हे कुठल्याच वहीत लिहिले जात नाही.

वर्गणीला माझा विरोध नाही. पाळकाचे घर चालले पाहिजे, विजेचे बिल भरले पाहिजे, गळके छप्पर शाकारले पाहिजे. ज्याला जमते त्याने हात आखडता घेऊ नये. पण जे आपण देतो ते मिळालेल्या कृपेबद्दलचे उपकारस्मरण आहे. प्रभूच्या भाकरीची ती किंमत नव्हे. किंमत लावायचीच असेल तर ती वधस्तंभावर पूर्ण भरली गेली आहे, आणि तिच्यावर आपल्या कमिटीला बाकी काढता येत नाही.

कमिटीकडे एक वचन नेहमी तयार असते. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 11. अयोग्य रीतीने भाकर खाणारा आणि प्याला पिणारा दोषी ठरतो, असे पौल तिथे सांगतो. एवढे वाचून दाखवले की सभेत सगळे गप्प होतात. बंधूंनो, गप्प होऊ नका. तोच अध्याय काढा आणि सतराव्या वचनापासून वाचा. करिंथात काय चालले होते? सुखवस्तू विश्वासणारे एकमेकांसाठी न थांबता आपापले जेवण उरकत होते, कोणी पिऊन तर्र होत होता, आणि त्याच छताखाली गरीब माणूस उपाशी बसत होता. पौल पेटून उठला तो यावर. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता आणि देवाच्या मंडळीला तुच्छ मानता, हा त्याचा आरोप आहे. तिथे अयोग्य कोण ठरले? गरिबाला लाजवणारा. ज्या वचनाने पौल उपाशी माणसाच्या बाजूने उभा राहिला, तेच वचन हातात घेऊन आज आपण ऊसतोड करणाऱ्या बाईला मेजावरून उठवतो. आणि पौलाने सांगितलेला उपाय तरी पाहा. प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावे. परीक्षा स्वतःची, शेजाऱ्याची नव्हे. आणि परीक्षेनंतर खायचे आहे, घरी जायचे नाही.

असा पहारा बसवणारे आपण पहिले नाही. स्कॉटलंडच्या मंडळ्यांत पिढ्यानपिढ्या पाळक आणि वडीलजन प्रभुभोजनापूर्वी सभासदांची चौकशी करत आणि पसंत पडलेल्याला धातूचा छोटा बिल्ला देत. तो दाखवल्याशिवाय मेजाजवळ बसता येत नसे. आज ते बिल्ले संग्रहालयांत आणि जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या कपाटांत पडून आहेत. त्या लोकांनी निदान माणसाचा विश्वास आणि वागणूक तपासली. आपण पावती तपासतो.

पहिल्या प्रभुभोजनाला कोण बसले होते याचा जरा विचार करा. लूकाच्या वृत्तांतात भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर प्रभू सांगतो की मला धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे. त्याच मेजाशी बसलेला पेत्र कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणार होता. बाकीचे बागेतून पळणार होते. प्रभूला हे सगळे ठाऊक होते आणि तरी त्याने भाकर मोडून प्रत्येकाला दिली. आपली नियमावली त्या माडीवर लागू केली असती तर त्या रात्री भाकर कोणाच्या हातात पडली असती?

पुढे हाच पेत्र अंत्युखियात गैरयहूदी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसे आली तेव्हा तो बिचकला आणि त्या पंक्तीतून उठून वेगळा बसू लागला. त्याचे पाहून बर्णबासुद्धा ओढला गेला. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावले. गलतीकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ते सविस्तर आहे. पेत्राने त्या वेळी नियम मोडला नव्हता, पाळला होता. बापजाद्यांचा, शास्त्रात आधार असलेला, आदरणीय नियम. तरीही पौलाच्या मते ते वागणे सुवार्तेच्या सत्याला धरून नव्हते, कारण त्या नियमाने ख्रिस्ताच्या पंक्तीत दोन पंगती पाडल्या. यरुशलेमच्या सभेतही, साधारण इ.स. 49 मध्ये, हाच प्रश्न होता. सुंता करून नियमशास्त्र पाळल्याशिवाय तारण आहे की नाही? तिथे पेत्रच उभा राहिला आणि म्हणाला की जे जू आपल्याला आणि आपल्या वाडवडिलांना पेलले नाही, ते या शिष्यांच्या मानेवर का ठेवता?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला दोन पंगतींचा अर्थ दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आले. गावच्या विहिरीला त्यांचा हात लागत नव्हता, देवळाची पायरी चढता येत नव्हती. मंडळीत ते आले आणि ज्या जाती त्यांची सावलीही विटाळ मानत, त्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर एकाच भाकरीचे वाटेकरी झाले. तो एक घास गावगाड्याच्या सगळ्या नियमांवर भारी पडला. त्या लोकांची पात्रता कोणत्या वहीत लिहिली होती? कृपेने ते आत आले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आता दारात वही घेऊन बसावे, याचे मला फार दुःख होते.

आपल्या थोरांचे फोटो आपण मंदिराच्या भिंतीवर लावतो. त्यांनी काय केले हे मात्र विसरतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटिज येथे झाला. पण त्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता, अशी साक्ष त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. सभासदत्व होते, विधी झाले होते, रजिस्टरात नाव होते. कृपा नंतर कळली. ती कळलेल्या बाईने केडगावात काय उभारले? समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी घर बांधले आणि त्याचे नाव ठेवले कृपासदन. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. टिळकांची गीते आपण दर रविवारी गातो. त्यांच्या दरबाराला जे दार होते ते आपल्या मंडळीला का नसावे?

आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी एक झाली तेव्हा काय झाले? बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि केवळ कळत्या वयातला बाप्तिस्मा मानणारे, दोन्ही तिच्यात आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. ज्या प्रश्नावरून युरोपात माणसांना नदीत बुडवून मारले गेले, त्या प्रश्नावर आपल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना जागा दिली. एवढ्या मोठ्या मतभेदाला पोटात घेणारी मंडळी वर्गणीच्या थकबाकीवर अडते, हे मला पटत नाही.

मिश्र विवाहाबद्दल थोडेच सांगतो. विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला टाकू नका आणि त्यांची मुले पवित्र आहेत, हे पौलानेच करिंथकरांना लिहिले. त्याचा लाडका तीमथ्य अशाच घरातला होता. आई विश्वास ठेवणारी यहूदी, बाप हेल्लेणी. अशा लग्नात काय अडचणी येतात हे पाळकाने मुलीला आधी जरूर सांगावे. पण लग्न झाल्यावर तिला मेजावरून उठवून आपण तिला कुठे ढकलतो? तिच्या पोटी तीमथ्य येणार असेल तर त्याला प्रभूची ओळख कोण करून देणार?

आत्महत्या केलेल्याच्या दफनविधीला नकार देणे ही मला सर्वांत क्रूर गोष्ट वाटते. शास्त्रात मनाई आहे असे लोक समजतात. ही मनाई आपल्याकडे आली ती इंग्लंडच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकातल्या सूचनेसारख्या मंडळीच्या नियमांतून. रोमन कॅथलिक मंडळीच्या 1917 च्या कायद्यातही ती होती. 1983 च्या नव्या कायद्यात ती उरली नाही. आणि शास्त्र काय दाखवते? शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडून मेला. याबेश-गिलादचे लोक रातोरात चालून गेले, त्यांनी शत्रूच्या तटावरून त्याचे प्रेत उतरवले, अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला. दावीदाने शौलासाठी विलाप केला आणि त्याला मूठमाती देणाऱ्यांना आशीर्वाद दिला. ज्या घरातल्या पोराने किंवा कर्जात बुडालेल्या बापाने जीव दिला, त्या घरापुढे आपण दावीदासारखे उभे राहायचे की कुलूप लावलेल्या फाटकासारखे?

आता मला विचारले जाईल की मग शिस्त नकोच का? जर्मन धर्मपंडित डीट्रिच बोनहोफर यांनी 1937 मध्ये स्वस्त कृपेविरुद्ध लिहिले ते विसरायचे का? विसरायचे नाही. पण त्यांचा रोख पश्चात्ताप आणि शिष्यत्व यांवाचून वाटल्या जाणाऱ्या क्षमेवर होता. गरीब विश्वासणाऱ्याला बाहेर ठेवण्याची परवाना-पद्धत त्यातून निघत नाही. जक्कयाची गोष्ट नीट वाचा. प्रभू आधी त्याच्या घरी गेला, तेव्हा लोक कुरकुरले, आणि मग जक्कयाने अर्धी मिळकत गरिबांना दिली आणि लुबाडलेले चौपट परत केले. माणूस बदलला तो कृपेने. आधी चौपट भर, मग येतो, असे प्रभू म्हणाला असता तर तो जकातदार उंबराच्या झाडावरच राहिला असता.

शिस्त हवीच, आणि जिथे हवी तिथे ती नाही. मंडळीच्या जमिनी कोणाच्या सहीने विकल्या गेल्या, भाड्याची रक्कम कुठे गेली, लेखापरीक्षण किती वर्षे झाले नाही, हे सभेत विचारणाऱ्याला खाली बसवले जाते. एखाद्या पुढाऱ्याने बाईला किंवा मुलाला त्रास दिला तर मंडळीची बदनामी नको म्हणून प्रकरण दडपले जाते. तिथे कृपेचे नाव घेऊ नका. दुबळ्याचे रक्षण करण्यासाठी नियम कडक करा, पैशाचा हिशेब पैशापैशाने मागा, दोषी माणसाला पदावरून उतरवा. पुदिना आणि जिऱ्याचा दशांश मोजून न्याय आणि दया सोडून देणाऱ्यांना प्रभू जे बोलला, ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. आपल्याकडे नियम गरिबावर काठीसारखे पडतात आणि मातब्बरापुढे वाकतात. ही शिस्त नव्हे, हा अन्याय आहे.

म्हणून या पत्रकाद्वारे विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत थकबाकीदारांची नावे वाचायला सुरुवात झाली तर उभे राहून ते वाचन थांबवा. प्रभुभोजन आणि दफन यांचा वर्गणीशी काहीही संबंध राहणार नाही असा ठराव मांडा. अनुमोदन द्यायला शेजारच्या बाकावरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा. कामासाठी गाव सोडणाऱ्यांची नावे गैरहजेरीवरून कमी होणार नाहीत असे त्याच ठरावात लिहून घ्या. ज्यांची नावे आजवर कमी झाली त्यांची यादी मागा, ती घेऊन वडीलजनांनी घरोघर जावे, क्षमा मागावी आणि त्यांना येत्या प्रभुभोजनाला बोलवावे. पाळकसाहेबांनो, कमिटीचा दबाव तुमच्यावर असतो हे आम्हाला माहीत आहे. भाकर देताना तुमचा हात आखडू नये म्हणून आम्ही तुमच्या पाठीशी उभे राहू. आणि ज्यांना परत पाठवले गेले त्या बहिणींनो आणि भावांनो, मेज प्रभूचे आहे आणि बोलावणे त्याचे आहे. येत्या रविवारी या. आम्ही तुमच्याबरोबर पुढे येऊ.

प्रभूच्या सेवेत,
मंडळीचा एक सभासद