हा पेपर तपासला कोणी?



तीस-बत्तीस वर्षं अमरावतीला पोरांचे पेपर तपासले. एकेका गुणासाठी भांडणारी पोरं पाहिली. पेपर उघडून "बाळा, इथे चुकलास" असं दाखवलं की ती गप बसत. (दोन-चारदा माझीच बेरीज चुकलेली निघाली, तेव्हा मी गप बसलो!)

हे आठवायचं कारण माझा भाचा. अकोल्याकडे त्याची सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. यंदा पीककर्जाला बँकेत गेला तर साहेब म्हणाले, "सिबिल कमी आहे." तो तडक माझ्याकडे आला. "मामा, मले नंबर देनारा हा मास्तर कोन व्हय? मी तं परीक्षेलेच बसलो नाही!"

हसलो खरा, पण उत्तर येईना. शेवटी नातवाने शिकवणी घेतली. आपल्या देशात असे गुण देणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल त्यातली सर्वांत जुनी, २००० सालची. बँका आपल्या कर्जाची माहिती त्यांना पुरवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० मधला आकडा निघतो. हप्ता चुकला की गुण घटतात, एवढं त्या सांगतात. नेमके किती आणि कशाचे कापले, ते गुलदस्त्यात.

२०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. भाच्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. काढला. सगळा इंग्रजीत. २०२२ मध्ये फेडलेलं मोटारसायकलचं कर्ज त्यात अजून थकीत! फेडल्याचा दाखला याच्या पेटीत आहे.

पीककर्जाला सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू, असा दम मुख्यमंत्री फडणवीसांनी मे २०२५ मध्ये बँकांना भरला होता. बरं केलं. पण दम किती दिवस पुरतो? बँकेने चौकशीच करू नये, असं मी म्हणत नाही. माझ्याही चार ठेवी बँकेतच आहेत. माझं मागणं मास्तरचं आहे. कर्ज नाकारलं तर गुण कुठे गेले ते मराठीत लिहून तिथल्या तिथे हातात द्या. परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं. इथे तर पोराच्या वर्षाचा नाही, घराच्या वर्षाचा प्रश्न आहे.

चुकीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे रोज शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ पासून आहे. नियम चांगला, पण मृग तीस दिवस थांबत नाही आणि शंभर रुपयांत कपाशीच्या बियाण्याचं पाकीट येत नाही.

तक्रार टाकली आहे. आज अकरावा दिवस. काल तिकडे पाऊस झाला म्हणे. भाच्याने बियाणं उधारीवर उचललं, दुकानदाराने सिबिल विचारलं नाही, व्याज मात्र सांगितलं.