ओलाव्याचा आकडा कोणत्या हिशेबाने?

घाटंजी तालुक्यातील कास्तकाराचा कापूस खरेदी केंद्राच्या आवारात पोहोचला की त्याच्या वर्षभराच्या कष्टांचा निवाडा दोन यंत्रे करतात. त्यांपैकी काट्यावर वजनमापे निरीक्षकाची मोहोर असते, म्हणून त्याच्याकडे तो निदान भरवशाने पाहू शकतो, परंतु ग्रेडरच्या हातातील मॉइश्चर मीटर कोणत्या मांडणीवर चालला आहे, हे विचारण्याची रीतच आपल्याकडे पडलेली नाही.

हमीभावाचा नियम स्वच्छ आहे. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण दर, त्यापुढे प्रत्येक टक्क्यामागे दरात एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांपलीकडे माल नामंजूर. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरल्यामुळे एका टक्क्याचे मोल सुमारे ८१ रुपये झाले.

आता, कापसात खुपसायच्या दोन सुयांचा जो मीटर सर्रास वापरला जातो, तो पाणी मोजीत नाही. सुयांमधून जाणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहास होणारा विरोध तो मोजतो, आणि अंतर्गत कोष्टकावरून त्याची टक्केवारी मांडतो. सरकीसह कापूस, रुई आणि नुसती सरकी यांची कोष्टके निराळी. उन्हात तापलेल्या गंजीत विरोध घटतो, म्हणून तापमानाची दुरुस्तीही निराळी. याहून सूक्ष्म गोम हिशेबाच्या पायाची आहे. शंभर किलो कापसात बारा किलो पाणी असेल, तर एकूण वजनावर ओलावा १२ टक्के भरतो; तेच पाणी कापडधंद्याच्या प्रघाताप्रमाणे कोरड्या ८८ किलोंवर मोजले, तर आकडा १३.६ होतो. म्हणजे जो माल नियमाने पात्र, तोच एका बटणाच्या फरकाने दारातून परत जावयाचा!

कोणी लबाडी करतो, असा आरोप मी करीत नाही. कार्तिकातल्या दवात वेचलेला कापूस खरोखरच ओला असतो, आणि पुष्कळदा मीटर बरोबरच असतो. माझी तक्रार उदासीनतेविषयी आहे: कारखान्यातून आलेली मांडणी तशीच चालू ठेवावयाची आणि ‘मशीन सांगते ते खरे’ म्हणून कास्तकाराची बोळवण करावयाची.

दररोज पहिली बंडी आत येण्यापूर्वी मीटरवर निवडलेली वस्तू, हिशेबाचा पाया आणि तापमानाची दुरुस्ती फलकावर लिहून केंद्रप्रमुखाने खाली सही करावी. मांडणीस परवलीच्या अंकांचे कुलूप असावे, आणि फेरफार झाल्यास नोंदवहीत त्याचे कारण रुजू व्हावे. वादाच्या मालाचा नमुना भट्टीत १०५ अंश सेल्सियसवर वाळवून तोलण्याची जुनी पद्धत उपलब्ध आहेच. आणि मीटरमधील दिनांक-वेळ तेवढी क्षुल्लक समजू नये. नामंजुरीविरुद्ध अर्ज करणाऱ्याच्या हातातील पावतीवर भलत्याच वर्षाची तारीख असेल, तर दप्तरात त्या कागदाला दस्तऐवज म्हणून कोण मानील?