पहिली बस, शेवटची बस

नाशकात मुक्कामाला यायचंय, खोली कुठं बघू, असं कुणी विचारलं की मी द्वारकेचं नाव घेते. ऐकणाऱ्याला ते चटकन पटत नाही. त्याच्या डोळ्यांपुढं गोदाघाट असतो. रामकुंडावर उतरायचं, काळारामाचं दर्शन घ्यायचं, सीतागुंफा बघायची, तर खोलीही तिथंच हवी असं त्याला वाटतं. द्वारका म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथं एकमेकांना भिडतात तो चौक. डोक्यावर उड्डाणपूल आणि खाली रिक्षा, ट्रॅव्हल्सच्या गाड्या, फळांच्या हातगाड्या. इथं घाट नाही, फोटो काढावा असंही काही नाही. तरी काठे गल्लीत इतकी वर्षं राहून माझं मत पक्कं झालंय की साध्या खिशाच्या माणसानं नाशकात राहावं ते द्वारकेच्या आसपास, आणि रामकुंडावर जावं ते पाहुण्यासारखं.

कारण सरळ आहे. रामकुंड इथून दोन-अडीच किलोमीटरवर. तपोवन कन्नमवार पुलापलीकडं, चालत जाण्यासारखं. समर्थ रामदासांनी जिथं बारा वर्षं तप केलं ती टाकळी तर याच बाजूला, नंदिनीच्या काठाला. नाशिकरोड स्टेशन सहा-सात किलोमीटर, आणि स्टेशनातून शालिमारकडं, सीबीएस बसस्थानकाकडं येणारी प्रत्येक शेअर रिक्षा द्वारकेवरूनच जाते. २०२१ च्या जुलैपासून महापालिकेची सिटीलिंक बसही आहे. थोडक्यात, यात्रेकरूला जिथं जिथं जायचंय तिथं जाणारं वाहन या चौकात मिळतं. आणि तरी खोलीचं भाडं घाटाजवळच्यापेक्षा कमी, कारण मालकाला नदीचे पैसे लावता येत नाहीत.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. यात्रेला आलेलं कुटुंब आपल्या उपाध्यायांच्या वाड्यात उतरायचं. पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, हे त्या चोपडीतून वाचून दाखवणारा माणूसच अंथरूण-पांघरुणाची सोय करायचा. ज्यांना तोही आधार नव्हता त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः झाडाखाली झोपणाऱ्या माणसानं परक्या माणसाच्या डोक्यावर छप्पर असावं म्हणून आयुष्य घातलं, ही गोष्ट मला आजच्या कुठल्याही पर्यटन धोरणापेक्षा मोठी वाटते. आज त्र्यंबकला शेगावच्या गजानन महाराज संस्थानचं भक्तनिवास आहे, शिर्डीला साईसंस्थानची भक्तनिवासं आहेत. तिथं जागा मिळाली तर दुसरीकडं बघूच नये. धार्मिक स्थळाच्या आवारात नोंदणीकृत धर्मादाय संस्थेची खोली दिवसाला हजाराच्या आतली असेल तर तिच्यावर जीएसटीही नसतो. पण या खोल्या सुट्टीच्या दिवशी मिळणं कठीण. मग उरतं लॉज.

हे सगळं डोक्यात पुन्हा नव्यानं आलं ते भाच्यामुळं. तो मित्रांबरोबर गोव्याला निघाला होता आणि त्यांना पणजीत मांडवीच्या काठालाच राहायचं होतं, कॅसिनोच्या बोटी दिसतील अशा ठिकाणी. आपल्या राज्यात कॅसिनो नाही. गंमत म्हणजे कायदा होता. १९७६ साली महाराष्ट्रानं कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यानं मात्र त्याच १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या केल्या, आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि मग पाण्यावरच्या जहाजांना परवानगी दिली. त्यामुळं नाशिक, पुणे, कोल्हापूर, बेळगावची पोरं शनिवारी पणजीत जमतात. मला स्वतःला तो खेळ मान्य नाही. घामाचा पैसा अशा टेबलावर ठेवू नये, हे मी भाच्याला सांगितलं आणि इथंही सांगते. पण त्याचा प्रश्न खोलीचा होता, आणि खोलीच्या प्रश्नाला खोलीचंच उत्तर दिलं पाहिजे.

त्याला म्हटलं, ‘‘अरे, नदीकाठ सोड. म्हापशाला राहा, नाहीतर फोंड्याला.’’

‘‘मावशी, तिथं काय आहे?’’

तिथं गोवा आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे. चोरीस सॉसेजपासून मातीच्या भांड्यांपर्यंत सगळं घेऊन आजूबाजूच्या गावांची माणसं तिथं येतात. फोंडा तालुक्यात तर आपल्या लोकांचा शेकडो वर्षांचा राबता आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळं सासष्टी-तिसवाडीतले देव रातोरात नदीपलीकडं हलवले गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, शांतादुर्गा कवळ्याला, म्हाळसा म्हार्दोळला. तेव्हापासून कुळाचार करायला येणाऱ्या कुळाव्यांसाठी देवळाच्या आवारात अग्रशाळा असतात. मुंबईची, बेळगावची, कारवारची कुटुंबं तिथं उतरत आली. खोली साधी, स्वच्छ, पहाटे देवळातला चौघडा, आणि पणजी बसनं तास-दीड तासावर. अर्थात देवाच्या आवाराचे नियम पाळायची तयारी असलेल्यानंच तिथं जावं. रात्रभर जागून पहाटे परतणाऱ्यांसाठी ती जागा नाही. त्यांनी म्हापसा किंवा पर्वरी बघावं.

इथं खरी मेख आहे. जहाजं रात्रभर चालू असतात, पण बस रात्रभर नसते. पणजीहून म्हापशाला आणि मडगावला कदंबची विनाथांबा बस मिळते, काउंटरवर तिकीट काढायचं आणि रांगेत चढायचं, फार चांगली सोय. पण संध्याकाळ सरली की ती विरळ होत जाते. नंतर उरते टॅक्सी, आणि गोव्यात रात्रीची टॅक्सी म्हणजे खोलीत वाचवलेले पैसे परत देणं. समजा, लांबच्या खोलीमुळं आठशे रुपये वाचले आणि रात्रीच्या टॅक्सीला हजार गेले, तर मिळवलं काय? म्हणून भाच्याला एवढंच विचारायला सांगितलं की शेवटची बस कितीची. मित्रांनी वेळापत्रक बघून म्हापसा ठरवलं. रात्री नऊच्या आत परतायचं असंही ठरलं, त्याचा मला खोलीपेक्षा जास्त आनंद झाला.

नाशकात हाच प्रश्न उलटा विचारायचा. इथं येणारा पहाटेसाठी येतो. स्नान पहाटे, काकड आरती पहाटे, त्र्यंबकच्या पूजेची वेळ सकाळची, सप्तशृंगीगडाला निघायचं तर तेही उजाडायच्या आत. म्हणून इथं विचारायचं की पहिली बस कितीची, आणि ती न मिळाल्यास पाचला चौकात रिक्षा असते का. द्वारकेवर असते. रात्रभर बाहेरगावच्या गाड्या उतरत असतात, त्यामुळं रिक्षाही थांबलेल्या असतात आणि चहाही मिळतो. शहराच्या कडेच्या एखाद्या नव्या, चकचकीत, स्वस्त हॉटेलात ही सोय नसते. तिथं पहाटे चारला आजीला घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की स्वस्ताई कळते.

भाव कधी चढतो, हेही गावागावात वेगळं असतं. पणजीत शनिवार, नाताळ आणि नोव्हेंबरातला चित्रपट महोत्सव. नाशकात तिथी: श्रावणी सोमवार, एकादशी, अमावास्या, नवरात्र. इकडं गंगापूर रस्त्याला द्राक्षमळ्यांकडं मात्र पणजीसारखाच शनिवार-रविवार चालतो, मुंबईची गर्दी तिकडं असते. त्यामुळं ज्याला देवदर्शन करायचंय आणि दिवस आपल्या हातात आहे त्यानं मंगळवार-बुधवार धरावा. आणि सांगितलेला भाव बिलात तसाच येईल असं नाही. अमेरिकेतल्या लास व्हेगासला तर मुख्य रस्त्यावरची हॉटेलं खोलीच्या भाड्यावर वेगळी ‘रिसॉर्ट फी’ लावत. जाहिरातीत एक आकडा आणि बिलात दुसरा. इतक्या तक्रारी झाल्या की २०२५ च्या मे महिन्यापासून तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमानं पूर्ण रक्कम आधीच दाखवणं बंधनकारक झालं. आपल्याकडं फीचं नाव वेगळं असतं. गादीचे वेगळे, गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे, पार्किंगचे वेगळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झालाय, आधी तो बारा होता. फोनवर भाव ठरवताना ‘जीएसटीसकट किती?’ एवढं एक वाक्य विचारावं.

आणि खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे सांगताना संकोच वाटायचं कारण नाही, लॉजवाल्यालाही ते अपेक्षित असतं. नळ सोडून बघा. आतली कडी लागते का बघा. बायका एकट्या आल्या असतील तर ही गोष्ट भाड्याच्या आधी. खिडकी कुठं उघडते तेही बघा, कारण द्वारकेला मोठा दोष आहे आणि तो लपवणं बरोबर नाही: आवाज. उड्डाणपुलावरून रात्रभर ट्रक जातात. रस्त्याकडची खोली मिळाली तर झोप विसरायची. मागच्या बाजूची, गल्लीतली खोली मागा. बहुतेक लॉजात ती असते आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. चेकआउट चोवीस तासांचं की सकाळी ठरावीक वेळेचं, हे आधी विचारा. रात्री अकराला आलेल्या माणसाला सकाळी दहाला बाहेर काढलं तर त्यानं अर्ध्या दिवसाचं भाडं फुकट दिलं. माझी अकोल्याची नणंद आणि तिचे सासरे असेच एकदा सामानासकट माझ्या दारात उभे राहिले होते, गाडी संध्याकाळची आणि खोली सकाळीच सुटलेली. ऐंशीच्या घरातल्या माणसाला पायऱ्यांवर बसवून ठेवलं होतं, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

दुसरा दोष रस्ता ओलांडण्याचा. चारही बाजूंनी वाहनं येतात, सिग्नल आणि माणूस यांचं इथं जमत नाही. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, पण लोकांनी तो आपलासा केला नाही. अंधार आणि घाण असेल तर बाई माणूस त्यात का उतरेल? म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी खोली घेताना बसथांबा ज्या बाजूला लागणार त्याच बाजूला घ्यावी. हा सल्ला कुठल्या ॲपवर मिळणार नाही. ॲप सांगतं ‘रामकुंडापासून दोन किलोमीटर’. मधला चौक ते सांगत नाही.

आता सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दल, कारण वाचकांची पत्रं त्याचीच येतायत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चं, आणि नाशकातली अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ची ठरली आहेत. त्या दिवसांचं गणित नेहमीचं नसतं. २०१५ च्या २९ ऑगस्टला, पहिल्या पर्वणीला म्हणजे मुख्य स्नानाला, बंदोबस्त इतका कडक होता की बाहेरगावचे लोक शहराच्या वेशीपासून कित्येक किलोमीटर चालले आणि अनेक जण कंटाळून आलेच नाहीत. पुढच्या पर्वणीला तो सैल करावा लागला. बंदोबस्ताची धास्ती का होती हेही विसरता येत नाही: २००३ च्या २७ ऑगस्टला काळाराम मंदिराच्या परिसरात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्यामुळं पर्वणीच्या दिवशी वाहनावर विसंबून खोली घेऊच नये. त्या दिवशी एकच माप, पायी किती. द्वारका त्या मापात बसते, म्हणून तिचेही भाव तेव्हा चढणार, आणि जे आज घाटावर होतं ते इथं होणार.

ज्यांना तेवढं परवडणार नाही त्यांनी पर्वणी सोडून यावं. सिंहस्थ २०२८ च्या जुलैपर्यंत आहे, स्नान त्या सगळ्या काळात करता येतं. पर्वणीलाच यायचं असेल तर रेल्वेच्या रुळावरचं गाव धरावं: मनमाड, निफाड, इगतपुरी, देवळाली. देवळाली कॅम्पात जुनी पारशी, गुजराती, कच्छी समाजांची सॅनिटोरियमं आहेत. ब्रिटिश काळापासून हवापालटासाठी आलेल्यांना तिथं भाड्यानं खोल्या मिळत आल्या. काही फक्त आपल्या समाजासाठी आहेत, काही सर्वांना देतात, म्हणून आधी चौकशी करावी.

महापालिकेकडं आणि कुंभमेळा प्राधिकरणाकडं माझी मागणी साधी आहे. साधुग्राम उभं राहील, रस्ते होतील, त्यावर पैसा लागेल तो लागो. पण लॉजांच्या दारावर पर्वणीच्या दिवसाचा भाव मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, आणि तो पर्वणीच्या तीन महिने आधी ठरलेला असावा. शाळांच्या इमारती, मंगल कार्यालयं यांत नाममात्र भाड्यानं पथारीची सोय करावी, आणि ती करताना संडास-पाणी आधी, मांडव नंतर. द्वारकेच्या भुयारी मार्गात दिवे लावून चोवीस तास माणूस बसवावा. सिटीलिंकची पहिली बस पर्वणीच्या काळात पहाटे तीनला सुटावी, आणि तिचं वेळापत्रक नाशिकरोड स्टेशनवर, महामार्ग बसस्थानकात, सीबीएसला आणि प्रत्येक लॉजच्या काउंटरवर लावलेलं असावं. विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीनं येणारी बाई फोनमध्ये बघून खोली ठरवत नाही. ती चौकात उतरते आणि पहिल्या दिसलेल्या माणसाला विचारते.