निरोपाचं पुस्तक

रहस्यकथांच्या मालिकेतलं शेवटचं पुस्तक मी मुद्दाम रेंगाळत वाचतो. खुनी कोण याची उत्सुकता असतेच, पण सोबतीचा नायक यापुढे भेटणार नाही ही रुखरुख मोठी. आपल्याकडे ती फारशी वाट्याला आली नाही. आमचं कोल्हापूर तसं वाचणाऱ्यांचं गाव, करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. पण इथेही रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर क्रमाने कोण वाचत होतं? हजारावर पुस्तकं त्यांची; झुंजार, काळा पहाड हे त्यांतले नायक. पानं पिवळी पडलेला, शिवण उसवलेला झुंजार किंवा काळा पहाड कुठूनही उचलायचा आणि जेवणाची हाक येईपर्यंत मान वर करायची नाही. १९९६ साली अर्नाळकर गेले, पण ‘हे घ्या, हे शेवटचं’ म्हणून कुणी आमच्या हाती काही ठेवलं नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंनी मात्र आपल्या गुप्तहेर पॉयरोचा शेवट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून कुलपात ठेवला. ते पुस्तक, ‘कर्टन’, छापून आलं ते १९७५ साली, त्या जाण्याच्या काही महिने आधी. १९२० च्या पहिल्या पुस्तकातल्या स्टाइल्सच्या त्याच घरात पॉयरो परत येतो. संधिवाताने जखडलेला, चाकाच्या खुर्चीत, डोकं मात्र तल्लख. शेवट सांगून मी कुणाचा घास हिरावणार नाही. एवढंच सांगतो, आधी ते १९२० चं पुस्तक वाचा, मगच याला हात लावा.