काटकसरीचा पैसा जातो कुठे?

काटकसर करा, असा उपदेश गरिबाला करणाऱ्यांची या देशात कधीच वानवा नव्हती. एका लग्नात कोट्यवधींची उधळण करणारेही हा उपदेश करताना मागे राहत नाहीत. पण ज्यांना ते हा धडा देतात, त्यांच्या घरात काटकसर पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे.

1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबईच्या दिशेने निघालेल्या अनेक कुटुंबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील दगडखाणी आणि कारखाने गाठले. तुर्भे, दिघा येथील वस्त्यांत आज त्यांची नातवंडे राहतात. या वस्त्यांतील मायमाउल्यांना काटकसर कुणी शिकवली? बाजार उठताना स्वस्तात मिळणारी भाजी, मोठ्याचा गणवेश धाकट्याला, शिळ्या भाकरीचा कुस्करा, डब्यात घरची चटणी. जुन्या लुगड्याची वाकळ, वाकळ विरली की फडके आणि फडके झिजले की पोतेरे. आमच्या आयाबहिणी हेच करत आल्या.

या रीतीला तर धम्माचा आधार आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भदन्त आनंदांची कथा आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे चीवरे दान दिली. एका भिक्खूला एवढी वस्त्रे कशाला, असा राजाला संशय आला. आनंदांनी हिशेब दिला: ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना ही वाटू, फाटक्या चीवरांची अंथरुणे करू, जुन्या अंथरुणांची पायपुसणी, त्यांची पुढे धूळ झटकायची फडकी आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. राजा निरुत्तर झाला. दान घेणाऱ्याने पै-पैचा हिशेब द्यावा, हा या कथेचा बोध आहे. आमच्या प्रत्येक मंडळाने आणि संघटनेने तो भिंतीवर लावून ठेवावा.

तेव्हा प्रश्न काटकसर कशी करावी हा नाहीच. वाचवलेला पैसा जातो कुठे, हा आहे.

पहिली वाट टपरीची. घरातील बाई कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये वाचवते आणि कर्ता पुरुष तंबाखू, सिगारेटवर रोज वीस रुपये उडवतो. महिन्याचे झाले 600, वर्षाचे 7,200. हेच 600 रुपये टपाल कार्यालयाच्या आवर्त ठेवीत दरमहा टाकले तर पाच वर्षांत मुद्दलच 36,000 होते, व्याज वेगळे. मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणाची सुरुवात एवढ्यात होऊ शकते. घरातील काटकसर एकट्या बाईच्याच माथी का? बचतीचा पहिला घाव पुरुषाच्या खिशावर पडला पाहिजे.

दुसरी वाट प्रतिष्ठेची. व्याजाने पैसे काढून लग्न लावायचे आणि पुढे पाच वर्षे हप्ते फेडायचे. जयंतीला वर्गणीतील मोठा वाटा डीजेवाल्याच्या हाती द्यायचा. जयंती थाटात झालीच पाहिजे, तो आमच्या अस्मितेचा उत्सव आहे. पण ज्या महामानवाने न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, त्याच्या जयंतीच्या जमाखर्चात पुस्तकांचा रकाना कोरा राहावा काय?

तिसरी वाट सर्वांत घातक, कारण ती काटकसर करणाऱ्यालाच गिळते. 2025 च्या जानेवारीत ‘टोरेस’ प्रकरण उघडकीस आले. दादर, कल्याण, मीरा रोड आणि आपल्या नवी मुंबईत सानपाडा येथे चकचकीत दालने उघडून या मंडळींनी कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला सहा टक्के आणि त्याहूनही जास्त परताव्याचे आमिष दाखवले. गुन्हा दाखल झाला तो एका भाजीविक्रेत्याच्या तक्रारीवरून. आठवड्याला सहा टक्के म्हणजे वर्षाला 312 टक्के! एवढा नफा कोणता प्रामाणिक धंदा देतो, हा साधा गुणाकार कुणी केला नाही. शेजारच्या पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये रद्द केला. तेथे निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे कवच होते. अशा दालनांत टाकलेल्या पैशाला कसलेच कवच नसते.

बाबासाहेबांची काटकसर पाहा. 1918 मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार 450 रुपये, त्या काळी मोठा. तरीही ते परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. रमाईंनी मोजक्या पैशांत घर चालवले. ती शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करून आले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ 1923 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथामागे परळच्या चुलीवर वाचवलेले पैसेही आहेत. त्या बचतीला ध्येय होते, म्हणून तिने इतिहास घडवला.

मात्र काटकसरीच्या नावाखाली कुणी हक्कावर पाणी सोडायला सांगत असेल, तर त्याला ठणकावून उत्तर दिले पाहिजे. कंत्राटी कामगाराला किमान वेतनच मिळत नसेल तर तो वाचवणार काय? तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडीला भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान मिळते ते मालकाच्या दयेने नव्हे, 1969 च्या माथाडी कायद्याने. त्या कायद्यामागे संघटनेचा लढा आहे. बचत आणि संघर्ष या दोन्ही गोष्टी बरोबरच चालल्या पाहिजेत.

नवी मुंबईतील प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यासाठी द्यावा. कुणाचे खाते नाही, त्याचा अर्ज तिथेच भरावा. दहा वर्षांखालील मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते वर्षाला अवघ्या 250 रुपयांवर चालते, हे प्रत्येक आईला सांगावे. कंत्राटी कामगाराच्या पगारातून कापलेला निधी खरोखर भरला जातो का, हे शिकलेल्या तरुणांनी त्याच्या मोबाइलवर तपासून द्यावे आणि भरला जात नसेल तर त्याच्यासोबत भविष्यनिर्वाह निधी कार्यालय गाठावे. जयंती मंडळांनी जमाखर्च फलकावर लावावा आणि वर्गणीचा निम्मा वाटा अभ्यासिकेसाठी राखावा.

आमच्या आयांनी पोटाला चिमटा घेऊन वाचवलेला एकेक रुपया टपरीवाल्याचा, डीजेवाल्याचा किंवा भामट्याचा नाही. तो त्यांच्या लेकरांच्या शिक्षणाचा आहे. तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हेसुद्धा चळवळीचे काम आहे.

जय भीम!